नळी तर उघडली, मग हृदय अशक्त का? आणि ‘मायटोकॉन्ड्रियाची कॅप्सूल’ बाबांना द्यावी का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील ६७ वर्षांचे, बारा वर्षांपासून डायबिटीस. पहाटे चारला छातीत जळजळ सुरू झाली, ती गॅसची समजून आधी ओवा, मग सोडा. निघाला हार्ट अटॅक. साडेनऊला हॉस्पिटलात पोहोचलात आणि पावणेअकराच्या सुमारास हृदयाची बंद नळी उघडून स्टेंट बसला. डॉक्टर म्हणाले, “शंभर टक्के ब्लॉक होता, आता पूर्ण मोकळा.” तरी तिसऱ्या दिवशीच्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ३५ टक्केच निघालं. याला आता तीन आठवडे झाले. मधे तुमच्या मामेभावाने ‘मायटोकॉन्ड्रिया दुरुस्त करणारी’ कॅप्सूलची बाटली आणून दिली, महिन्याला अडीच हजारांची. शिवाय दंडाला बीपीचा पट्टा आवळून सोडत राहिलं की हृदयाला संरक्षण मिळतं, असा एक व्हिडिओ घरात फिरतो आहे. तुम्ही विचारता, यात खरं किती.

मी इथेच इंदुरात सत्तावीस वर्षं हृदयरोगाची प्रॅक्टिस करतोय. त्याआधी शिकताना दीड वर्ष पांढऱ्या उंदरांच्या हृदयांवर नेमक्या याच विषयाचं काम केलं होतं, म्हणून उत्तर जरा लांबणार. आधीच सांगतो, तुमच्या वडिलांचा ईसीजी, अँजिओग्राफीची फिल्म आणि किडनीचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत. नळी कोणती होती, आतून छोट्या फांद्यांतून थोडंफार रक्त पोहोचत होतं का, यावर बरंच अवलंबून असतं. पुढची मुख्य नळी असावी असा पंपिंगच्या आकड्यावरून माझा अंदाज, पण तो अंदाजच.

तुम्ही विचारलेला प्रश्न एक दिसतो, पण त्यात तीन वेगवेगळ्या वेळा दडलेल्या आहेत. पहाटे चार ते पावणेअकरा या वेळात काय झालं? नळी उघडल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत काय झालं? आणि आज, तीन आठवड्यांनंतर, काय करता येईल? मायटोकॉन्ड्रिया तिन्हीकडे आहेत, पण प्रत्येक वेळी त्यांची भूमिका बदलते. बाटलीवाला आणि व्हिडिओवाला तुम्हाला दुसऱ्या वेळेचं ज्ञान तिसऱ्या वेळेला विकतायत. माझं म्हणणं मुख्यतः एवढंच आहे. पण ते पटायला आत काय घडतं ते थोडं बघावं लागेल.

शाळेत ‘पेशीचं वीजघर’ एवढ्यावर हा धडा संपतो. हृदयाच्या पेशीत ही वीजघरं इतकी दाटीने असतात की पेशीची साधारण एक तृतीयांश जागा त्यांनीच व्यापलेली असते. कारण उघड आहे, हृदयाला सुट्टी नाही. दिवसाला सुमारे एक लाख ठोके. त्यासाठी एटीपी नावाचं जे इंधन लागतं ते हृदय रोज जवळपास सहा किलो बनवतं आणि सहा किलो खर्चतं, स्वतःचं वजन जेमतेम तीनशे ग्रॅम असताना! म्हणजे तेच ते रेणू पुन्हापुन्हा भरून वापरायचे. साठा किती? काही सेकंदांचा. घरात गॅसचं दुसरं सिलिंडर नाही, पाइपलाइनवर सगळा स्वयंपाक, असा प्रकार.

हे इंधन बनतं कसं, ते इंदूरकरांना मी नर्मदेच्या पाण्यावरून सांगतो. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पंप लावून पाणी घाटावर चढवतात, मग ते उतारावरून आपल्याकडे येतं. मायटोकॉन्ड्रियाही तेच करतो. अन्नातून आलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोरावर तो हायड्रोजनचे कण आतल्या पडद्यापलीकडे चढवून ठेवतो. ते कण परत खाली यायला बघतात तेव्हा वाटेत एक फिरती चक्की असते, त्या चक्कीवर एटीपी दळलं जातं. पीटर मिचेल यांना या कल्पनेबद्दल १९७८ चं नोबेल मिळालं. आधी लोकांनी त्यांची टिंगलही भरपूर केली होती. या सगळ्या यंत्रणेच्या शेवटी इलेक्ट्रॉन उचलून न्यायला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन नाही तर रांग जागच्या जागी थांबते.

आता पहाटे चारला या. नळी बंद. काही सेकंदांत त्या भागातला ऑक्सिजन संपतो आणि तेवढा स्नायू आकुंचन पावायचा थांबतो. मरत नाही, फक्त थांबतो. पेशी जुन्या पद्धतीने, ऑक्सिजनशिवाय साखर जाळून थोडंफार एटीपी बनवत राहते. त्यातून आम्ल साचतं. हे आम्ल बाहेर टाकण्याच्या नादात पेशीत सोडियम भरतं आणि सोडियम बाहेर काढण्याच्या नादात कॅल्शियम. आणि यात एक विचित्र गोष्ट घडते, जी मला अजूनही थक्क करते. एटीपी बनवणारी ती चक्की उलटी फिरू लागते. पडद्यापलीकडचा दाब टिकवायला मायटोकॉन्ड्रिया आता एटीपी बनवत नाही, उरलंसुरलं एटीपी खातो. कमावता माणूसच घरातलं धान्य विकायला लागावा, तसं.

तरी या काळात पेशी सगळ्या एकदम मरत नाहीत. रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७७ मध्ये कुत्र्यांच्या हृदयांवर दाखवलं की मरण लाटेसारखं पसरतं. आधी आतला थर जातो, मग मधला, शेवटी बाहेरचा. चाळीस मिनिटांत बहुतेक नुकसान आतल्या थरापुरतं असतं, सहा तासांत ते भिंतीच्या जवळजवळ पूर्ण जाडीपर्यंत जातं. माणसाचं घड्याळ अगदी तसंच चालत नाही, पण क्रम तोच. तुमच्या बाबांचे पावणेसात तास गेले. त्यातलं काय उरलं असेल हे या लाटेवर ठरलं.

आता दुसरी वेळ, पावणेअकराची. इथे मी प्रयोगशाळेत बघितलेली गोष्ट सांगतो.

उंदराचं हृदय काढून काचेच्या नळीला टांगायचं आणि महाधमनीतून उलट्या दिशेने, ३७ अंशांवर, ऑक्सिजन फुगवलेलं क्षारांचं पाणी सोडायचं. ही लँगेनडॉर्फ यांची १८९५ ची पद्धत. शेंगदाण्यापेक्षा थोडं मोठं ते हृदय शरीराबाहेर तासन्‌तास ठोके देत राहतं. पहिल्यांदा बघणारा माणूस गप्पच होतो. आता पाण्याची तोटी बंद करा. मिनिट-दीड मिनिटात ठोके थांबतात. तीस मिनिटं तसंच ठेवा आणि तोटी उघडा. मी पहिल्यांदा तोटी उघडली तेव्हा मला वाटलं, आता हे जिवंत होईल. झालं उलटंच. पाणी आत शिरल्यावर दोन-तीन मिनिटांत हृदय वेडंवाकडं फडफडलं, फिकं पडलं आणि बोटाला सुपारीसारखं कडक लागू लागलं. तीस मिनिटं उपाशी असताना ते जेवढं बिघडलं नव्हतं, तेवढं जेवण मिळाल्यावर बिघडलं. माझे गाइड मागे उभे होते. ते म्हणाले, “तोटी उघडणं हेच औषध आहे आणि तोच मार आहे.” ते वाक्य मी आजही विद्यार्थ्यांना ऐकवतो.

दीर्घ उपासानंतर भरपेट जेवू नये हे आपल्या आज्ज्यांना माहीत होतं. पेशीचंही काहीसं तसंच. रक्त परत आलं की एकाच वेळी तीन गोष्टी होतात. अडकून पडलेली इलेक्ट्रॉनांची रांग एकदम सुटते आणि काही इलेक्ट्रॉन भलत्या ठिकाणी ऑक्सिजनला चिकटून घातक कण तयार करतात. रक्त बंद असताना सक्सिनेट नावाचा एक पदार्थ साचतो आणि ऑक्सिजन परतल्याबरोबर तो भराभर जळून हा भडका उडवतो, हे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं. दुसरं, आत भरलेलं कॅल्शियम मायटोकॉन्ड्रिया शोषून घेतो. तिसरं, साचलेलं आम्ल धुऊन जातं. हे तिसरं चांगलं वाटतं ना? पण आम्लच तोपर्यंत एका दाराला खिळ घालून बसलेलं असतं.

ते दार मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यात असतं. एरवी बंद. कॅल्शियम जास्त, घातक कण जास्त आणि आम्ल नाही, असा योग जुळला की ते उघडतं. मग पलीकडे चढवून ठेवलेला सगळा दाब एका क्षणात गळून जातो, पाणी आत शिरतं, मायटोकॉन्ड्रिया फुगतो, बाहेरचा पडदा फाटतो. अशी पुरेशी दारं उघडली की पेशी परत येत नाही. हा निकाल रक्त परत आल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत लागतो. म्हणून मायटोकॉन्ड्रियाला मी वीजघर म्हणायचं सोडून दिलंय. पेशी जगणार की मरणार याचा सातबारा त्याच्याकडे असतो.

आमच्या कॅथलॅबमध्येही, म्हणजे नळी उघडतात त्या खोलीत, हे दिसतं, फक्त सूक्ष्मदर्शकाशिवाय. तार गुठळीतून पलीकडे जाते, फुगा फुगतो, नळीत सोडलेला रंग पुढे धावतो, सगळे “आला, आला” म्हणतात आणि तेवढ्यात मॉनिटरवर रुंद ठोक्यांची एक रांग सुरू होते, मिनिटाला ऐंशी-नव्वदच्या गतीने. नवीन टेक्निशियन घाबरतो. जुना सांगतो, “राहू दे, रक्त पोहोचल्याची पावती आहे.” बहुतेक वेळा ती आपोआप थांबते. पण कधीकधी मोठी नळी छान उघडलेली असते आणि रंग मात्र पुढे सरकतच नाही, स्नायूतल्या केसाएवढ्या नळ्यांत साठून राहतो. सूज, फुगलेल्या पेशी, बारीक गुठळ्या. हमरस्ता मोकळा, गल्ल्या तुंबलेल्या. तुमच्या डॉक्टरांनी “पूर्ण मोकळा” म्हटलं ते हमरस्त्याबद्दल, आणि ते खरंच आहे. इको गल्ल्यांबद्दल आणि पेशींबद्दल बोलतो. दोघंही खोटं बोलत नाहीत.

गैरसमज नको म्हणून इथेच सांगतो, तोटी उघडल्याने मार बसतो म्हणून ती न उघडणं हा पर्याय नाही. न उघडलेल्या हृदयात त्या भागातलं जवळपास सगळंच जातं. उघडल्यावर जे वाचतं ते मार बसून जे जातं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त असतं.

आता त्या पट्ट्याच्या व्हिडिओकडे. त्यामागचं विज्ञान खोटं नाही, उलट फार देखणं आहे. १९८६ मध्ये ड्यूक विद्यापीठात मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांची नळी पाच मिनिटं बंद, पाच मिनिटं उघडी, असं चार वेळा केलं आणि मग ती चाळीस मिनिटं बंद ठेवली. ज्यांना ही आधीची तालीम मिळाली नव्हती त्यांच्या तुलनेत तालीम मिळालेल्यांत मेलेला भाग चौथ्या हिश्शावर आला. छोटे चटके सोसलेलं हृदय मोठा चटका सोसतं. पेशी आपल्या आत काही संदेश पाठवते आणि ते अखेर त्या दाराशी पोहोचून ते सहज उघडू देत नाहीत. माझ्या उंदरांतही हे दिसलं. तालीम दिलेली हृदयं तोटी उघडल्यावर पुन्हा लयीत ठोके देत. पण त्याच १९८६ च्या कामातली दुसरी अर्धी गोष्ट व्हिडिओत कोणी सांगत नाही. नळी तीन तास बंद ठेवली तेव्हा तालमीचा फायदा दिसला नाही. तालीम वेळ विकत घेते, माफी देत नाही.

१९९३ मध्ये आणखी गंमत झाली. हृदयाच्या एका नळीला तालीम दिली तर दुसऱ्या नळीचा भागही वाचतो असं दिसलं. मग लोक म्हणाले, हृदयच कशाला, हाताला देऊन बघू. दंडाला पट्टा, पाच मिनिटं आवळायचा, पाच मिनिटं सोडायचा, चार वेळा. स्वस्त, सोपं, धोका नगण्य. आम्हा सगळ्यांना फार आशा होती. छोट्या अभ्यासांत आकडे चांगले आले. मग मोठे अभ्यास झाले. २०१५ मध्ये बायपास आणि इतर हृदयशस्त्रक्रियांच्या रुग्णांवरचे दोन, इंग्लंडमधला १६१२ रुग्णांचा आणि जर्मनीतला सुमारे १४०० रुग्णांचा. दोन्हींत फायदा नाही. २०१९ मध्ये नेमका तुमच्या बाबांसारख्या, हार्ट अटॅकमध्ये अँजिओप्लास्टी होणाऱ्या ५४०१ रुग्णांवरचा. वर्षभरानंतर मृत्यू आणि हार्ट फेल्युअरमध्ये काहीच फरक नाही. त्या दिवशी मी निकाल वाचून बराच वेळ नुसता बसलो होतो. दीड वर्षाच्या उंदरांचं ओझं होतं डोक्यावर.

औषधांचीही हीच कथा. सायक्लोस्पोरिन हे अवयव बदलल्यावर द्यायचं औषध ते दार बंद ठेवतं, हे प्रयोगशाळेत पक्कं आहे. २००८ मध्ये फ्रान्समध्ये ५८ रुग्णांवर नळी उघडायच्या क्षणी दिलं, मेलेला भाग कमी दिसला. २०१५ मध्ये ९७० रुग्णांवर दिलं, काही नाही.

असं का व्हावं? मला वाटतं, आम्ही चुकीच्या पेशंटवर प्रयोग करत होतो. उंदीर तरुण, निरोगी, उपाशी पोटी, कुठलंही औषध न घेतलेला. आमचा पेशंट साठीचा, साखर वाढलेली, बीपी, कोलेस्टेरॉलची गोळी स्टॅटिन चालू, रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या पोटात, आणि अटॅकच्या आधी आठवडाभर जिना चढताना छातीत दाटून येत असलेलं, म्हणजे घरच्या घरी तालीम झालेली. शिवाय डायबिटीसमध्ये ही संरक्षणाची यंत्रणाच बोथट होते. साखरेची काही जुनी औषधं, उदाहरणार्थ ग्लिबेनक्लामाइड, त्या संदेशाच्या वाटेतला पोटॅशियमचा दरवाजाच बंद करतात. (बाबांच्या यादीत ग्लिमेपिराइड आहे असं तुम्ही लिहिलंय. त्याचा हृदयावरचा हा परिणाम फारसा दिसत नाही, तेव्हा वाचून लगेच गोळी बंद करू नका.) आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे नळी आता पूर्वीपेक्षा लवकर आणि चांगली उघडते, त्यामुळे जे वाचायचं ते बहुतेक वाचतंच. उरलेल्या फटीत औषधाला करण्यासारखं थोडं राहतं.

म्हणून पट्ट्याचं माझं उत्तर असं. तीन आठवड्यांनंतर बाबांच्या दंडाला पट्टा आवळत बसण्यात अर्थ नाही. ज्या दारासाठी ही सगळी धडपड, ते दार त्या सकाळी अकराच्या आतच उघडलं किंवा मिटलं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना रोज दोनशेपर्यंत पट्टा फुगवला तर दंडावर काळेनिळे डाग तेवढे येतील.

आता बाटली. तुम्ही पाठवलेल्या नावांवरून त्यात को-एन्झाइम क्यू टेन आहे, शिवाय कार्निटीन आणि दोन-तीन व्हिटॅमिनं. क्यू टेन हा ठग नाही. १९५७ मध्ये तो बैलाच्या हृदयातल्या मायटोकॉन्ड्रियातूनच सापडला आणि इलेक्ट्रॉन एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर नेण्याचं काम तो खरंच करतो. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत तो कमी असतो, स्टॅटिनमुळे रक्तातली पातळी उतरते, हेही खरं. २०१४ मध्ये ४२० हार्ट फेल्युअर रुग्णांचा एक अभ्यास आला, रोज तीन वेळा १०० मिलिग्रॅम, दोन वर्षं. गंभीर घटना २६ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आल्या. आकडा मोहात पाडणारा आहे. पण अभ्यास छोटा, रुग्ण जमवायला कितीतरी वर्षं लागली, आणि एवढ्यावर उपचाराचा पाया कोणी घालत नाही. तुमच्या बाटलीत त्याचं प्रमाण ५० मिलिग्रॅम आहे आणि दिवसातून एकच घ्यायला सांगितलंय. म्हणजे ज्या अभ्यासाच्या जोरावर ती विकली जाते, त्याच्या सहाव्या हिश्शाएवढा डोस. तोही ताज्या अटॅकवर नव्हे, जुन्या हार्ट फेल्युअरवर तपासलेला.

या बाबतीत मी स्वतः फार सोवळा नाही. ट्रायमेटाझिडीन ही गोळी मी वर्षानुवर्षं मुक्त हाताने लिहिली. तिचा तर्क सुंदर होता. हृदय एरवी मुख्यतः चरबी जाळतं, साखर जाळली तर तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये थोडं जास्त एटीपी मिळतं, आणि ही गोळी मायटोकॉन्ड्रियाला चरबीकडून साखरेकडे वळवते. फळ्यावर काढून दाखवलं की पेशंटचे नातेवाईक खूश, मीही खूश. २०२० मध्ये अँजिओप्लास्टी झालेल्या ६००७ रुग्णांवरचा निकाल आला. आधीच्या उपचारात भर म्हणून ही गोळी दिली तर पुढच्या घटना कमी होत नाहीत. अँजायनाचा, म्हणजे छातीत दाटून येण्याचा, त्रास शिल्लक असलेल्या काहींना मी ती अजून देतो, पण ‘हृदयाच्या संरक्षणासाठी’ म्हणून लिहिणं बंद केलं. एका पेशंटचे हात थरथरू लागले होते आणि मी ते म्हातारपण समजलो होतो. ती थरथर या गोळीचा नोंदलेला दुष्परिणाम आहे. गोळी थांबवल्यावर दीड महिन्यात त्यांनी मला स्वतः चहा ओतून दिला. तर्क सुंदर असणं आणि माणूस बरा होणं यात केवढं अंतर असतं, ते मी त्या कपबशीत पाहिलं.

आता तिसरी वेळ, आजची. इथे माझ्याकडे तुमच्यासाठी खरोखर चांगली बातमी असू शकते. तिसऱ्या दिवशीचा ३५ हा आकडा शेवटचा धरू नका. रक्त परत आल्यावर कितीतरी पेशी जिवंत असतात, पण काम करत नाहीत. आम्ही त्याला स्टनिंग म्हणतो, मराठीत सुन्न पडणं. झिणझिण्या आलेला पाय असतो तसा, तुटलेला नव्हे. या पेशी मायटोकॉन्ड्रियाची आणि कॅल्शियमची घडी पुन्हा बसवायला दिवस, कधी आठवडे घेतात. म्हणूनच अटॅकनंतर छातीत शॉक देणारं यंत्र बसवायचं की नाही, हा निर्णय निदान चाळीस दिवस, आणि स्टेंट बसवला असेल तर सहसा तीन महिने थांबून, नवा इको करूनच घेतात. पस्तीसचे पंचेचाळीस झालेले मी पुष्कळ पाहिलेत. पस्तीसचे पस्तीसच राहिलेलेही पाहिलेत, आणि ते कोणाचे होणार हे तिसऱ्या दिवशी मला सांगता येत नाही.

या काळात मायटोकॉन्ड्रियाचं भलं कशाने होतं? ज्या गोळ्यांच्या जाहिरातीत मायटोकॉन्ड्रियाचं नावही नसतं, त्यांनी. बीटा ब्लॉकर ठोके कमी करून रोजचा खर्च कमी करतो. रॅमिप्रिल किंवा सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टनसारखी गोळी भिंतीवरचा ताण उतरवते. पंपिंग ४० किंवा त्याहून कमी असेल तर स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन. आणि डायबिटीस असो-नसो, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. २०१९ च्या ४७४४ रुग्णांच्या अभ्यासात डापाग्लिफ्लोझिनने हार्ट फेल्युअर वाढणं आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू कमी झाले. ती साखरेची गोळी हृदयाला का मानवते यावर अजून वाद आहेत, एक मत मायटोकॉन्ड्रियाच्या इंधनाचंही आहे. पण इथे उलटा क्रम आहे, आधी माणसं वाचली, मग कारण शोधणं चालू झालं. असा क्रम मला जास्त विश्वासाचा वाटतो. तुम्ही पाठवलेल्या यादीत पहिल्या दोन आहेत, पुढच्या दोन नाहीत. किडनी, पोटॅशियम किंवा बीपी यांमुळे डॉक्टरांनी मुद्दाम थांबवल्या असतील. विचारा. भांडायला नको, नुसतं “या दोन बाबांना चालतील का?” एवढंच. आणि डापाग्लिफ्लोझिन सुरू झालीच तर आषाढी एकादशीचा कडक उपास किंवा उलट्या-जुलाब असतील तेव्हा ती थांबवायची का, हे आधीच ठरवून घ्या.

नवीन मायटोकॉन्ड्रिया बनवायची एकच पद्धत मला खात्रीने ठाऊक आहे, ती म्हणजे चालणं. नियमित व्यायामाने पेशी नवे मायटोकॉन्ड्रिया बनवायचा संदेश देतात, पायाच्या स्नायूंत तर नक्कीच. पायांचे स्नायू ऑक्सिजन नीट वापरू लागले की तेवढ्याच चालीसाठी हृदयाला कमी राबावं लागतं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सपाटीवर दहा मिनिटांपासून सुरुवात, बोलता येईल एवढ्याच वेगाने. तुम्ही माणिकबागेकडे राहता, लालबाग जवळच आहे. रालामंडलची चढण सध्या नको, बाबा कितीही म्हणोत. पायांना सूज, रात्री उशी वाढवावी लागणं, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणं, यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा. रोज सकाळी वजन कॅलेंडरवर लिहा. आपल्या घरी दुधाचा हिशेब असतोच तिथे, त्याच्याच शेजारी.

बाटलीचं काय? बाबा वॉरफेरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असतील तर नको, क्यू टेनमुळे तिचा असर कमी होऊ शकतो. नसतील आणि मामेभावाचं मन राखायचं असेल तर उघडलेली बाटली संपवायला माझी हरकत नाही. पण तिच्यासाठी दुसरी गोळी कापायची नाही. हे मी मुद्दाम लिहितोय. अडीच हजारांच्या कॅप्सूलसाठी महिन्याला दोन-तीनशेची स्टॅटिन आणि स्टेंटची गोळी बंद केलेले पेशंट माझ्याकडे आलेले आहेत, आणि त्यातल्या एकाचा स्टेंट बंद झाला होता.

आणि गॅसबद्दल. तुम्ही प्रश्नाच्या शेवटी स्वतःला दोष दिलाय, की मी चारलाच न्यायला हवं होतं. इंदुरात रात्री सराफ्यातून, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊबाजारातून, आलेल्या माणसाच्या छातीत पहाटे जळजळ झाली तर शंभरातले नव्वद जण सोडाच देतील, आणि डायबिटीसमध्ये दुखणं नीट कळतही नाही. पण घरात तुमची आईही डायबेटिक आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून सांगतो. छातीत, जबड्यात, डाव्या हातात किंवा पोटाच्या वरच्या भागात दाब, सोबत घाम, आणि पंधरा मिनिटांत न थांबणं, एवढं झालं की सोडा नाही, १०८ ला फोन आणि ईसीजी. पहिला ईसीजी हॉस्पिटलात पोहोचल्यावर दहा मिनिटांत झाला पाहिजे, तो मागून घ्यायचा. गॅसच निघाला तर उत्तम, घरी येऊन मला शिव्या द्या. मायटोकॉन्ड्रियाला वाचवणारं जे औषध आम्ही चाळीस वर्षं शोधतोय, त्याच्यापेक्षा चार ते साडेनऊ हे साडेपाच तास जास्त मोलाचे होते.

बाबांनी विचारलंय ना, सराफ्यात कधी जाता येईल? तीन महिन्यांच्या इकोनंतर जाऊ देत, मधे दोनदा बसून, आणि जिलबी साखरेच्या डॉक्टरांना विचारून. तळलेले गराडू मात्र या हिवाळ्यात नाहीत. इकोचा आकडा आणि औषधांची नवी यादी आली की कळवा.